मानसशास्त्राची पदवी घरबसल्या: खान्देशातील वाचकांचे प्रश्न

मानसशास्त्राच्या ऑनलाइन पदवीविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून या सदराकडे सातत्याने पत्रे येत आहेत. त्यांतील निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून, विचारणाऱ्यांची नावे न देता येथे घेतले आहेत. नियम अलीकडेच बदलले असल्याने जुन्या माहितीवर विसंबून कोणाचे पैसे आणि वर्ष वाया जाऊ नये, या काळजीने पहिले उत्तर मुद्दाम सविस्तर दिले आहे.

प्रश्न: माझे वय ३४ आहे. मराठी विषय घेऊन मी बी.ए. झाले आणि लग्नानंतर चोपडा तालुक्यातील एका खेड्यात राहते. मुले शाळेत जातात, घरच्या केळीच्या बागेचा हिशेब मी पाहते. मोबाइलवर एक जाहिरात आली: ‘घरबसल्या दोन वर्षांत एम.ए. मानसशास्त्र, त्यानंतर स्वतःचे समुपदेशन केंद्र.’ मी फोन केला, तेव्हापासून तिकडून रोज फोन येतो. जागा थोड्याच उरल्या आहेत, आजच निम्मे शुल्क भरा, असे सांगतात. मला हा विषय मनापासून शिकायचा आहे. पैसे भरावेत का?

उत्तर: ताई, पैसे भरू नयेत. आपली शिकण्याची इच्छा योग्य आहे आणि तिच्यासाठी काय करता येईल ते पुढे सांगतोच. पण या जाहिरातीत जे देऊ केले आहे, ते आज कोणतीही भारतीय संस्था नियमानुसार देऊ शकत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये सर्व विद्यापीठांना कळवले की, २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ अथवा ऑनलाइन पद्धतीने चालवता येणार नाहीत आणि त्यांत नवे प्रवेश देता येणार नाहीत. त्या यादीत मानसशास्त्राचा स्पष्ट उल्लेख आहे. सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न व पोषणशास्त्र आणि आहारशास्त्र हे विषयही त्यात आहेत. ज्या विद्यापीठांना या विषयांची परवानगी आधीच मिळाली होती, त्यांची ती परवानगीही या सत्रापासून काढून घेण्यात आली. जेथे एकाच पदवीत अनेक विषयांचे पर्याय असतात, तेथे केवळ मानसशास्त्राचा पर्याय बंद झाला असून इतिहास, अर्थशास्त्र, मराठी यांसारखे विषय दूरस्थ पद्धतीने पूर्वीप्रमाणेच शिकता येतात. ‘एम.ए.ला प्रवेश घ्या, मानसशास्त्राचे नंतर पाहू’ असे कोणी सांगितले, तर त्यावर विश्वास ठेवू नये.

संस्था खरी की खोटी हे एरवीही तपासता येते आणि त्यासाठी कोणाच्या शब्दावर जाण्याची गरज नाही. आयोगाच्या दूरस्थ शिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर प्रत्येक सत्रासाठी मान्यताप्राप्त विद्यापीठांची आणि त्यांच्या अभ्यासक्रमांची यादी असते. त्या यादीत विद्यापीठाचे नाव असून भागत नाही. नेमका अभ्यासक्रम आणि नेमके सत्र तेथे दिसले पाहिजे. शिवाय दूरस्थ वा ऑनलाइन प्रवेशासाठी विद्यार्थ्याने स्वतः ब्युरोच्या संकेतस्थळावरून ‘डेब आयडी’ काढावा लागतो. तो न मागता शुल्क घेणारा, किंवा ‘तो नंतर आम्ही काढून देऊ’ म्हणणारा मध्यस्थ भेटला की व्यवहार तेथेच थांबवावा. शुल्क नेहमी विद्यापीठाच्या नावानेच भरावे, कोणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा फोन क्रमांकावर कधीही पाठवू नये.

या निर्णयाविषयी माझे मतही आपण विचारले नसताना सांगतो, कारण आपल्यासारख्या अनेक भगिनींना त्याची झळ बसली आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण, भौतिकोपचार हे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालवण्यास आधीपासूनच मनाई आहे. माणसाच्या दुखण्याला थेट हात घालणारा विषय समोरासमोर, अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली शिकला पाहिजे, हे त्यामागचे कारण मला पटते, आणि समुपदेशक होऊ पाहणाऱ्याला तर ते तंतोतंत लागू आहे. परंतु बी.ए.च्या पातळीवर स्मृती, अवधान, प्रेरणा, व्यक्तिमत्त्व यांचा अभ्यास एक ज्ञानशाखा म्हणून करू इच्छिणाऱ्या हजारो लोकांसाठीही हाच दरवाजा बंद व्हावा, हे मला खटकते. सातपुड्याच्या पायथ्याच्या खेड्यात राहणाऱ्या, घर सोडून रोज तासाला बसणे ज्यांना शक्य नाही, अशा स्त्रियांसाठी दूरशिक्षण हीच एकमेव वाट होती. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून काही दिवस सक्तीचे प्रत्यक्ष वर्ग आणि प्रात्यक्षिके ठेवून हा अभ्यासक्रम चालवता आला असता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आता आपण काय करावे? जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असलेल्या काही महाविद्यालयांत मानसशास्त्र शिकवले जाते. आपल्याला एस.टी.ने सोसेल अशा अंतरावर पदव्युत्तर वर्ग कोठे आहे, याची चौकशी मे-जून महिन्यातच करावी आणि विभागप्रमुखांना प्रत्यक्ष भेटावे. पदवीला मराठी विषय असताना एम.ए. मानसशास्त्राला प्रवेश मिळेल का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. आयोगाच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार पदवीला वेगळा विषय असलेला विद्यार्थीही त्या विषयाची राष्ट्रीय वा विद्यापीठीय प्रवेश परीक्षा उत्तीर्ण होऊन प्रवेशास पात्र ठरू शकतो; प्रत्यक्षात मात्र प्रत्येक विद्यापीठ आपापले नियम लावते, म्हणून उत्तर लेखी स्वरूपात घ्यावे. दरम्यान या वर्षी आपल्या सवडीने काय वाचता-ऐकता येईल, ते शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न: मी धुळे तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. २०२४ मध्ये एका मुक्त विद्यापीठात एम.ए. मानसशास्त्राला दूरस्थ पद्धतीने प्रवेश घेतला. आता बंदीची बातमी वाचून सहकारी म्हणतात, तुमची पदवी कागदाचा तुकडा ठरणार. प्रात्यक्षिके आणि प्रकल्प अजून बाकी आहेत. पुढे जावे की सोडून द्यावे?

उत्तर: सर, सोडू नये. बंदी नव्या प्रवेशांना आहे. मान्यता असलेल्या काळात, मान्यताप्राप्त विद्यापीठात घेतलेला आपला प्रवेश वैध आहे आणि तो अभ्यासक्रम पूर्ण करण्याचा आपला हक्क कायम आहे. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ वा ऑनलाइन पदवी नियमित पदवीशी समकक्ष मानली जाते, हे आयोगाच्या २०२० च्या विनियमांत नमूद असून सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने ते पुन्हा स्पष्ट केले आहे. प्रवेशाची पावती, ओळखपत्र, त्या सत्राच्या मान्यतेच्या यादीची छापील प्रत आणि प्रत्येक गुणपत्रिका एका धारिकेत नीट लावून ठेवावी. वेतनश्रेणीच्या किंवा पदोन्नतीच्या वेळी कार्यालयात हीच कागदपत्रे मागितली जातात.

आपल्या पत्रातील मला अधिक महत्त्वाचा वाटलेला भाग प्रात्यक्षिकांचा आहे. दूरस्थ विद्यार्थी सिद्धान्ताचे पेपर बहुधा नीट लिहितात आणि प्रात्यक्षिकाची वही मात्र कोणाच्या तरी जुन्या वहीवरून उतरवतात. हे कृपया करू नये, कारण या विषयाचे खरे शिक्षण त्या वहीतच होते. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिग येथे मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हापासून हा विषय तत्त्वज्ञानाच्या घरातून बाहेर पडून मोजमापाच्या वाटेने चालू लागला. आपल्या देशातही कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये प्रायोगिक मानसशास्त्राचे अध्यापन सुरू झाले.

आरशात पाहून चांदणी गिरवण्याचा साधा प्रयोग घ्या. दुहेरी रेषांची पंचकोनी चांदणी कागदावर छापलेली असते, हात आणि कागद आडोशाने झाकलेले असतात आणि प्रयुक्ताला, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा त्या व्यक्तीला, केवळ समोरच्या आरशातील प्रतिमा दिसते. आपल्या शाळेतील नववीच्या एखाद्या मुलाला, त्याच्या पालकांची आणि मुख्याध्यापकांची संमती घेऊन, बसवून पाहा. पहिल्या फेरीत कोपऱ्यावर आला की त्याची पेन्सिल अडते, हात उलट दिशेला जातो, तो स्वतःवरच चिडतो; लागलेला वेळ आणि रेषेबाहेर गेल्याच्या चुका आपण नोंदवत राहायच्या. पुढच्या फेऱ्यांत वेळ आणि चुका दोन्ही उतरतात. त्यानंतर दुसऱ्या हाताने गिरवायला सांगितले, तर सराव न केलेल्या त्या हातातही सुधारणा दिसते, आणि एका हाताचे शिकणे दुसऱ्या हाताकडे कसे संक्रमित होते, हे आपल्या डोळ्यांसमोर घडते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसते जी कोणत्याही पुस्तकात त्या मुलाविषयी लिहिलेली नसते: चुकल्यावर तो आपल्याकडे पाहतो की कागदाकडे, ‘जमत नाही’ म्हणून पेन्सिल ठेवतो की ओठ दाबून पुन्हा सुरू करतो. सूचना सर्व प्रयुक्तांना शब्दशः त्याच द्याव्या लागतात, घाई झाली तरी मदत करायची नसते, मध्येच बोलून त्याचे लक्ष विचलित करायचे नसते. शिक्षकाला हा संयम विशेष जड जातो, कारण चुकणाऱ्याला सुधारणे हा त्याचा रोजचा धर्म असतो. समुपदेशनाची पहिली शिस्त मात्र येथेच अंगी बाणते.

संख्याशास्त्राची भीतीही याच वाटेने जाते. मध्यमान, प्रमाण विचलन, सहसंबंध ही सूत्रे कोरडी वाटतात, परंतु आपल्याच शाळेतील मुलांनी घेतलेला वेळ वहीत लिहिलेला असला की त्या संख्यांना चेहरे येतात आणि सूत्र पाठ करावे लागत नाही.

प्रकल्पासाठी किंवा अनुभवकार्यासाठी जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग, विशेष मुलांची शाळा अथवा व्यसनमुक्ती केंद्र यांपैकी एखादे ठिकाण निवडावे आणि विद्यापीठाचे पत्र घेऊन लवकर भेटावे. तारीख जवळ आल्यावर परवानगी मिळत नाही. व्यक्तिवृत्त लिहिताना व्यक्तीचे नाव, गाव, जात आणि ओळख पटेल असा कोणताही तपशील वगळावा. ती व्यक्ती अहिराणीत बोलली असेल, तर तिची वाक्ये अहिराणीतच नोंदवावीत आणि प्रमाण मराठीतील आशय शेजारी द्यावा. खान्देशात पाहुणे-रावळ्यांचे जाळे इतके दाट आहे की, ‘पारोळा तालुक्यातील दोन मुलींची विधवा शिक्षिका’ एवढ्या वर्णनावरूनही माणूस ओळखू येतो. गुप्तता पाळणे शहरापेक्षा येथे अवघड आहे, म्हणून ती येथे अधिक कसोशीने पाळली पाहिजे.

प्रश्न: मी भुसावळची आहे, बारावी कला शाखेतून उत्तीर्ण झाले. मला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे आहे. बी.ए. कोणत्याही विषयात करून पुढे ऑनलाइन अभ्यासक्रम केले तर चालेल, असे काही जण सांगतात. घरून पुण्याला राहायला पाठवायची तयारी नाही.

उत्तर: बाळ, असे चालणार नाही, आणि हे आत्ताच समजले ते बरे झाले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणाला म्हणावे याची व्याख्या दिली आहे. भारतीय पुनर्वसन परिषदेने मान्य केलेल्या संस्थेतील त्या विषयाची अर्हता, किंवा मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ, देखरेखीखालील रुग्णालयीन प्रशिक्षण असलेला एम.फिल., असा त्या व्याख्येचा गाभा आहे. ही परिषद १९९२ च्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झाली असून चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी तिच्याकडे होते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.फिल.ची जागा इतर अभ्यासक्रम घेत आहेत, त्यामुळे कोणता अभ्यासक्रम आणि कोणती संस्था मान्य आहे हे त्या-त्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावर पाहावे. अभ्यासक्रमाचे नाव काहीही असले, तरी वॉर्डात रुग्णांसोबत घालवायचा काळ ऑनलाइन होत नाही.

आज लगेच पुण्याला जाण्याची गरज नाही. बी.ए. मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊन आपल्या भागातील नियमित महाविद्यालयातून करावे. रेल्वेची सोय असल्याने भुसावळहून जळगावला रोज जाणे-येणे असंख्य विद्यार्थी करतातच. त्या तीन-चार वर्षांत इंग्रजी वाचन आणि संख्याशास्त्र पक्के करावे. पुढच्या टप्प्यावर मात्र घर सोडावे लागेल, हे आई-वडिलांना आतापासून शांतपणे सांगत राहावे आणि एकदा त्यांना सोबत घेऊन विभागातील प्राध्यापकांना भेटावे. मुलगी कोठे जाणार, काय शिकणार आणि तिला कोणती नोंदणी मिळणार हे घरच्यांना नेमके कळले की पुष्कळदा विरोध मावळतो. ‘मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचे काही तरी’ ही समजूत अजूनही अनेक घरांत आहे आणि खरी अडचण पैशापेक्षा तीच असते.

प्रश्न: धडगाव भागातील एका आश्रमशाळेत मी अधीक्षक म्हणून काम करतो. मुले घरापासून दूर राहतात. काही रात्री रडतात, काही अबोल होतात. मला पदवी नको, पण ऑनलाइन काही शिकून त्यांना मदत करता येईल का? इंग्रजी कच्चे आहे आणि सहा आठवड्यांत ‘प्रमाणित समुपदेशक’ करणाऱ्या जाहिराती मलाही येतात.

उत्तर: दादा, सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्राने कोणी समुपदेशक होत नाही. २०२१ च्या ज्या कायद्याचा वर उल्लेख केला, त्यात वर्तनविषयक आरोग्य व्यावसायिकांच्या गटात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांचाही समावेश असून त्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. तेव्हा अशा प्रमाणपत्रावर पैसे खर्च करू नयेत आणि नावापुढे तसे काही लावूही नये. मात्र आपण विचारलेली मदत निराळी आहे आणि ती आपण नक्की करू शकता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये क्षेत्रीय कार्यकर्त्यांसाठी मानसिक प्रथमोपचाराची पद्धत मांडली. तिची तत्त्वे तीन आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. ती पद्धत प्रामुख्याने आपत्तीत सापडलेल्यांसाठी असली, तरी वसतिगृहातही तिचा उपयोग होतो. कोणते मूल जेवताना ताट तसेच ठेवते, कोण सुटीनंतर परत आल्यावर आठवडाभर बोलत नाही, कोणाचे अंथरूण पुन्हा ओले होऊ लागले आहे, हे आपल्याइतके कोणालाही दिसत नाही. अशा मुलाला सर्वांसमोर कारण विचारू नये. संध्याकाळी हजेरीनंतर त्याच्या शेजारी बसावे, त्याला पावरी किंवा भिलोरी बोलणे सोपे जात असेल तर त्याच बोलीत बोलावे, आणि ‘रडू नको, मोठा झालास’ असे न म्हणता तो जे सांगेल ते पुरे होऊ द्यावे. घराची आठवण काही आठवड्यांत सौम्य होत जाते. तशी ती झाली नाही, मूल खाणे-झोपणे टाकू लागले, अंगावर जखमा दिसल्या किंवा मरणाची भाषा बोलू लागले, तर ते आपल्या एकट्याचे काम राहत नाही. त्या मुलाला एकटे सोडू नये, मुख्याध्यापक आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी यांना त्याच दिवशी कळवावे. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली आहे. १४४१६ या क्रमांकावर ती अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही मिळते. आपण अधीक्षक म्हणून स्वतः फोन करून मुलाविषयी सल्ला घेऊ शकता. पहाडात संपर्काची पंचाईत असते, म्हणून जेथे नेटवर्क येते ती जागा आणि हा क्रमांक दोन्ही कर्मचाऱ्यांच्या खोलीत लिहून ठेवावे.

आपल्या शाळेतील एखादे पदवीधर, प्रशिक्षित शिक्षक तयार असतील, तर त्यांना एनसीईआरटीच्या मार्गदर्शन व समुपदेशन पदविकेची माहिती अवश्य द्यावी. त्या अभ्यासक्रमात काही भाग घरून, काही प्रत्यक्ष वर्गात आणि काही आपल्या गावी अनुभवकार्य म्हणून करावयाचा असतो, आणि महाराष्ट्रासाठी भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था जवळची आहे. प्रवेशाच्या अटी आणि तारखा एनसीईआरटीच्या संकेतस्थळावर दर वर्षी तपासाव्यात.

प्रश्न: शहाद्याला राहतो, बँकेतून निवृत्त झालो आहे. नोकरी, पदवी काही नको. मन कसे चालते हे केवळ समजून घ्यायचे आहे. कोठून सुरुवात करावी?

उत्तर: काका, आपल्यासाठी कोणताही दरवाजा बंद नाही. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या मंचावर देशातील नामवंत संस्थांतील प्राध्यापकांचे मानसशास्त्रावरील अभ्यासक्रम विनामूल्य ऐकता येतात. शुल्क केवळ परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यायचे असल्यास लागते. यातील बहुतेक व्याख्याने इंग्रजीत असल्याने सुरुवातीला अकरावी-बारावीची महाराष्ट्र राज्य मंडळाची मानसशास्त्राची मराठी पाठ्यपुस्तके वाचावीत. ती ‘बालभारती’च्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, आणि पारिभाषिक शब्द एकदा मराठीत ओळखीचे झाले की इंग्रजी व्याख्यान निम्मे सोपे होते. पहिल्या प्रश्नातील चोपड्याच्या भगिनींनीही प्रवेश मिळेपर्यंत हाच क्रम धरावा. नियमित पदवी करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘स्वयम्’चे काही श्रेयांक पदवीत जमा करता येतात आणि आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार ही मर्यादा एका सत्रातील अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंत आहे, पण आपले महाविद्यालय ते स्वीकारते का, हे नाव नोंदवण्याआधी विचारून घ्यावे.

आपण स्मृतीपासून सुरुवात करावी, असे मी सुचवतो. हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून विसरण्याचा वेग मोजला आणि ते संशोधन १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. प्रयोगकर्ताही तेच आणि प्रयुक्तही तेच. हा प्रयोग घरी एक वही आणि घड्याळ घेऊन आपणही करू शकता. अक्षरसमूहांची एक यादी बिनचूक पाठ होण्यास किती वाचने लागली ते लिहावे, दुसऱ्या दिवशी तीच यादी पुन्हा पाठ करताना किती लागली तेही लिहावे, आणि दोन्हींतील फरक काढावा. काय आढळले ते या सदराला जरूर कळवावे.